चित्रांतून वाचताना

कॉमिक्स म्हणजे पोरासोरांची करमणूक, हा समज आपल्याकडे भलताच चिवट. आर्ट स्पीगलमनच्या ‘माऊस’ला १९९२मध्ये विशेष पुलित्झर मिळालं, तरी आपल्या घरांत चित्रकादंबरी अजून ‘सुट्टीतलं वाचन’च! म्हणून या अंकात मोठ्यांनी मोठ्यांसाठी वाचलेल्या चित्रकादंबऱ्या आहेत. समीक्षकांना यावेळी आम्ही मुद्दामच बोलावलेलं नाही. लिहिलंय ते वाचकांनी, आवडीनिवडी न लपवता.

सर्वाधिक चर्चा झाली ती २०११च्या ‘भीमायना’ची. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य रेखाटताना पानांवरच्या ठरावीक चौकटी मोडीतच काढल्या. मवाळ बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, तर जिव्हारी लागणारं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. शाळेतल्या पाण्यापासून महाडच्या तळ्यापर्यंतची ही गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ असते. तरीही ती नांगी दिसली की माहितीतला प्रसंगही नव्याने डसतो. एका वाचकाला मात्र मजकूर चित्रांच्या मानाने फिका वाटला. आम्हाला ते तितकंसं पटलेलं नाही, पण लेखाला कात्री लावलेली नाही.

मार्जान सत्रापीच्या ‘पर्सेपोलिस’वर तर दोन लेख आहेत आणि दोघांचं एका मुद्द्यावरही जमत नाही. बरंच झालं!

तुम्ही अलीकडे काय वाचलंत? आवडलेलं कळवाच, अर्ध्यात टाकून दिलेलं असेल, तर आधी ते कळवा. पुढच्या अंकात पत्रांसाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.