लोटगाडीवाल्याचा मोबाइल आणि नकाशावरची लाल रेषा

सायंकाळी धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटजवळ उभे राहून मोबाइलवरचा नकाशा उघडला, तर गर्दीचा रस्ता लाल दिसतो. ही लाल रेषा वाहतूक पोलीस काढत नाही. ती तुमच्या-आमच्या खिशातले मोबाइल काढतात. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण या रेषेवर उद्या आपल्या रोजीचा निर्णय होऊ शकतो.

याच्या दोन रीती आहेत. पहिली टॉवरची. फोन चालू असला की तो जवळच्या टॉवरशी संपर्क ठेवतो. माणूस पुढे सरकला की एक टॉवर त्याला दुसऱ्याकडे सोपवतो. असे हजारो फोन किती वेळात सरकले, यावरून वाहनांचा वेग काढता येतो. परंतु टॉवरचा आवाका शहरात काहीशे मीटर, तर खेड्यात काही किलोमीटर. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव अशा लांब महामार्गावर हा हिशेब जमतो. पाचकंदीलच्या बाजारात मात्र फोन या गल्लीत आहे की पलीकडच्या, हे टॉवरला कळणे कठीण. दुसरी रीत उपग्रहाची. यात फोन स्वतःच आपली जागा व वेग कंपनीला कळवतो. गूगलने 2009 साली वापरणाऱ्यांच्या फोनवरून रस्त्यांची गर्दी दाखविण्याचा विस्तार केला, आणि आज आपण पाहतो तो नकाशा मुख्यतः याच रीतीचा आहे.

याचा फायदा नाही असे आम्ही म्हणणार नाही. रावेर-सावद्याची केळी भरून निघालेल्या ड्रायव्हरला पुढे रस्ता तुंबला आहे हे अगोदर कळले, तर माल वाचतो. मात्र नकाशावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. चाळीसगावजवळच्या औट्रम घाटात ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून जड वाहनांना बंदी घालण्यात आली. साधा नकाशा मोटारीचा रस्ता दाखवतो, ट्रकवाल्याची अडचण त्याला ठाऊक नसते. म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याला विचारल्याशिवाय गाडी काढू नये, हा जुना रिवाजच बरा.

खरा प्रश्न बाजारातला आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये जर्मनीतील बर्लिन शहरात सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराची एक करामत जगभर गाजली. त्याने एका लहानशा हातगाडीत 99 जुने मोबाइल ठेवले, सर्वांवर नकाशा चालू केला आणि गाडी ओढत तो रिकाम्या रस्त्याने चालत गेला. नकाशावर तो रस्ता लाल झाला! वाहन एकही अडलेले नव्हते. कंपनीने नंतर सांगितले की भारतासह काही देशांत मोटार आणि मोटारसायकल यांतला फरक आम्हांला ओळखता येतो, हातगाडीचे मात्र अजून जमलेले नाही.

वाचकांनी यावर हसून घ्यावे, आणि मग आपल्या बाजाराकडे पाहावे. आपल्याकडे हातगाडी ही करामत नसून पोटापाण्याचे साधन आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा दिवाळीच्या आठवड्यात फळवाला, बांगडीवाला, कपड्याचा फेरीवाला, त्यांच्याकडे आलेली गिऱ्हाइके, सर्वांच्या हातात फोन असतो. रस्ता लाल दिसतो तो कशामुळे? लोटगाड्यांमुळे, की दुहेरी लावलेल्या मोटारींमुळे, की भर गर्दीत दुकानासमोर माल उतरवणाऱ्या छोट्या हत्तीमुळे, की अर्धवट खोदून ठेवलेल्या गटारीमुळे? नकाशा वेग सांगतो, कारण सांगत नाही. कारण ठरवतो माणूस, आणि बहुधा बोट दाखवले जाते ते सर्वांत गरीब गाडीकडे.

येथे आपल्या दुकानदार मंडळींनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. लोटगाड्या हटवा म्हणून अर्ज करणाऱ्यांत आपणही पुढे असतो, आणि आपलाच टेम्पो सायंकाळी सहा वाजता रस्त्यात आडवा असतो. माल उतरवण्याची वेळ सकाळी दहाच्या आत ठेवली, तर किती फरक पडेल, हे याच नकाशावर आठवडाभरात पाहता येईल. ते करून पाहण्याची तयारी किती जणांची आहे?

पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि त्यानंतरही हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. उद्या कोणी अधिकारी लाल रेषेचा नकाशा समोर टाकून रस्ता मोकळा करा म्हणाला, तर या समितीत त्यावर प्रश्न विचारता येतो. माहिती कोणत्या वाराची, कोणत्या वेळेची? त्यात पायी चालणारे किती? ज्याच्या खिशात साधा फोन आहे किंवा फोनच नाही, तो हमाल यात मोजला गेला का? आमच्या मते या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकही गाडी हलवणे हा अन्याय आहे.

प्रश्न विचारायचे तर हातात काही कागद हवा. ज्यांच्या घरातली मुले मोबाइल चांगला हाताळतात, त्यांनी पंधरा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ आपल्या रस्त्याचा नकाशा पाहावा आणि एका वहीत वार, वेळ व रंग लिहावा. शेजारी त्या वेळी रस्त्यात प्रत्यक्ष काय उभे होते तेही लिहावे. टेम्पो, मोटार, रिक्षा, लोटगाडी, जे असेल ते, आपले असले तरी. वहीची नक्कल समितीपुढे ठेवावी. समितीची बैठकच होत नसेल, तर अर्जासोबत महापालिकेत द्यावी आणि शिक्क्यासह पोच घ्यावी.