खंडेनवमीला बॉनेट उघडा



खंडेनवमीच्या सकाळी घाटकोपर, मुलुंडच्या कोणत्याही स्टँडवर जा. रिक्षा-टॅक्सी धुऊन उभ्या असतात. बॉनेटवर झेंडूची माळ, पुढे लिंबू-मिरची, चाकासमोर नारळ. त्याच रांगेत आपलाही मुलगा उभा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आपल्या घरांतून हे सारे गेले. तो माळ घालत नाही. पण शेजारच्याने विचारले, "काय रे, गाडीला काहीच नाही?" की त्याला उत्तर सुचत नाही.

आमच्या पुतण्यालाही सुचले नाही. त्याची जुनी वॅगन-आर आहे, सीएनजीवर चालते, हप्ते अजून चालू आहेत. दुपारी घरी आला तो तोंड उतरवून. म्हणाला, "काका, माळ घातली नाही ते बरोबरच केलं. पण उद्या गाडीला काही झालं तर सगळे म्हणतील, पूजा केली नव्हती म्हणून."

आम्ही म्हटले, "बॉनेट उघड."

तो कचरला. त्यालाही कारण होते. मागच्या वर्षी एका वॉशिंग सेंटरवर त्याने इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेतले. पाणी कॉइलमध्ये आणि वायरींच्या जोडांत शिरले, इंजिन मिसिंग मारू लागले. तीन दिवस गाडी गॅरेजला आणि हप्ता डोक्यावर. तेव्हापासून आतल्या भागाला हात लावायचा नाही असे त्याने ठरवून टाकले होते.

आमचे थोरले बंधू पद्मिनी टॅक्सी चालवीत. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली गाडी. पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीत ओल धरली की ती ढिम्म हलत नसे. म्हणून दादा दर रविवारी जुन्या बनियनने आतला एकेक भाग पुसून कोरडा करीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. दादांची सवय मात्र आमच्या अंगात राहिली.

इंजिन पूर्ण गार होऊ दिले. गरम इंजिनवर गार पाणी घालायचे नाही आणि रेडिएटरचे झाकण तर उघडायचेच नाही. मग बॅटरीची मायनस वायर आधी सोडली. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, कॉइल, हवा आत घेणारे तोंड, सगळ्यांवर दुधाच्या पिशव्या बांधल्या. आधी कोरडे काम. काचेखालच्या जाळीतून झाडाची सडकी पाने निघाली. ती पाणी जायची वाट बुजवतात आणि मग पावसात पायाखालची चटई भिजते. बॅटरीमागे उंदराने चिंध्यांचे घरटे केले होते. तिथली एक वायर तांबे दिसेपर्यंत कुरतडलेली. बॅटरी धरलेली पुतणी एवढेच म्हणाली, "दादा, तू यात लोकांना बसवतोस?"

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने ती घासली, पुसून वर व्हॅसलीन लावले. तेलकट भागाला भांड्यांचा साबण, ब्रश आणि ओले फडके. पाइप नाही, बादली ओतणे नाही. रॉकेल-पेट्रोलने इंजिन धुणारे आजही आहेत. त्यांनी हा धंदा सोडावा, घर तरी वाचेल. बेल्टला तेल लावायचे नाही. गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला पाना लावायचा नाही. सिलिंडरमधला दाब २०० बारच्या घरात असतो. शंका आली तर थेट सीएनजी फिटरकडे. सिलिंडरची चाचणी दर ३ वर्षांनी लागते, तिची तारीखही तेव्हाच पाहून घेतली. या कामाचा फोटो कोणी काढीत नाही.

खरी गोष्ट पुसून झाल्यावर दिसली. वायर टेप लावून बांधली, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले. स्वच्छ झालेल्या धातूवर तेलाची एक बारीक रेघ उतरू लागली. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले होते आणि तेल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाकडे ओघळत होते. कित्येक महिने सिग्नलला जळका वास यायचा. पोरगा समजे, पुढच्या ट्रकचा आहे. वर धूळ-तेलाचा थर होता तोवर गळती कुठली ते कळणेच शक्य नव्हते. खाली तापलेला पाइप, वर तेल, बाजूला उघडी वायर आणि डिकीत गॅस. वहिनी हे ऐकून ओट्यावरच बसल्या.

त्याच संध्याकाळी मेकॅनिककडे पॅकिंग बदलले, वायरही नीट जोडून घेतली. दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमी. सगळे घर त्याच गाडीतून विहारात गेले, वंदना झाली, मग तो स्टँडवर गेला. कालच्याच मित्राने पुन्हा टोचले, तेव्हा त्याने बोलण्याऐवजी बॉनेट वर केले आणि जुने, तडकलेले पॅकिंग त्याच्या हातात ठेवले.

मित्राने ते उलटसुलट करून पाहिले. मग स्वतःच्या गाडीवरची माळ बाजूला सारून बॉनेट उघडले. आत काळेकुट्ट.

"रविवारी तो ब्रश घेऊन ये," म्हणाला.