ट्यूबलाइटमधला पारा

दिवाळीच्या साफसफाईत नातवाने माळ्यावरून जुनी ट्यूबलाइट काढली आणि मी ओरडलेच, "सांभाळ, फुटली तर पारा सांडेल!" अकरावीतलं पोर, थांबतंय कशाला? "आजी, ट्यूबमध्ये पारा काय करतो?"

शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलेली बाई मी. साफसफाई राहिली बाजूला.

ट्यूबमधली पाऱ्याची वाफ विजेने चेतवली, की २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते. काचेच्या आतली पांढरी पूड त्याचा आपल्याला दिसणारा उजेड करते. मंडळी, याच २५४ नॅनोमीटरवर जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये पाऱ्याच्या अणुकेंद्राचं आकारमान मोजलंय.

"केंद्र दिसत नाही ना पण?"

नाही दिसत. पण काही इलेक्ट्रॉन फिरता फिरता केंद्राच्या आतूनही जातात. केंद्र जरा फुगलं, की त्यांची ऊर्जा किंचित बदलते आणि अणूच्या प्रकाशाचा रंग केसभर सरकतो. तो केसभर फरक मोजायचा.

१९७२ साली सर्नच्या आयसोल्ड प्रयोगशाळेत एक चक्रावणारी गोष्ट दिसली. पारा-१८६ मधून एकच न्यूट्रॉन कमी झाला, तर केंद्र लहान व्हायच्या ऐवजी एकदम मोठं! ते रग्बीच्या चेंडूसारखं लांबुडकं झालं होतं. पुढे कळलं, १८४ पुन्हा जवळपास गोल, १८३ पुन्हा लांबुडकं. हा झोका कुठवर चालतो?

उत्तर मिळायला २०१८ उजाडलं. इतके हलके पारे निसर्गात नाहीत. वितळलेल्या शिशावर प्रोटॉन आदळून ते बनवावे लागतात. मूठभरही मिळत नाहीत आणि सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, विरून जातात. मग तीन लेसर लावले. पहिल्याचा रंग २५४ च्या आसपास हळूहळू फिरवायचा. तो नेमका जुळला तरच इलेक्ट्रॉन वर चढतो, दुसरा लेसर त्याला आणखी वर नेतो, तिसरा बाहेर काढतो. अणूवर विद्युतभार आला, की चुंबकाने वेगळा काढून मोजता येतो. असे पारा-१७७ पर्यंत पोचले. १८१ हा शेवटचा लांबुडका. त्याखालचे चारही पुन्हा गोलसर.

(सर्नच्या मोठ्या कोलायडरच्या चुंबकांखालचे जॅक विकसित करण्यात आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा हात आहे, हेही त्याला ऐकवलंच.)

"एका न्यूट्रॉनने एवढा फरक?" तो ट्यूबकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ही भंगारवाल्याला देऊ?"

मुळीच नाही. उद्या कचरागाडी येईल, तेव्हा घातक कचऱ्याच्या कप्प्यात. अख्खी.