जागेवरच टाका मारा की!

गेल्या रविवारी बाबांची जुनी गाडी घेऊन साताऱ्याला निघालो होतो. वाटेत एसीने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, अ‍ॅल्युमिनियमची नळी घासून घासून भोक पडलंय. शेजारीच वेल्डिंगचं दुकान. मी म्हटलं, "दादा, जागेवरच एक टाका मारा की, उशीर होतोय." त्याने मारला. टाचणीएवढं भोक करंगळीएवढं झालं!

खरं तर चूक माझ्या घाईची. लोखंड तापलं की लाल होतं, आधी इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण रंग बदलत नाही. वर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तो वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे आत पाणी झालं तरी वरची साय तशीच. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळं खाली सांडतं.

पुढच्या गावातल्या काकांनी आधी नळी गाडीतून काढायला लावली. नळीत उरलेला गॅस ज्वाळेत सापडला तर विषारी वाफ होते, म्हणून ती पूर्ण रिकामी केली. तेलकटपणा पुसला, खास अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टीलच्या ब्रशने घासली, खराब भाग कापून नवा तुकडा बसवला. मग आर्गॉन आणि एसी करंटवर टिग वेल्डिंग. (हा एसी वेगळा, विजेचा!) तयारीला पाऊण तास, वेल्डिंगला पाच मिनिटं.

तेवढ्यात एक ट्रकवाला डिझेलची टाकी गळते म्हणून आला. काकांनी सरळ नाही म्हटलं. "रिकामी दिसली तरी आत वाफ असते. नीट धुऊन घेतल्याशिवाय मी ठिणगी पाडणार नाही." ट्रकवाला कुरकुरत गेला.

माझ्या मते काकांची खरी कारागिरी त्या नकारात होती. आणि आपण पैसे कशाचे देतो? पाच मिनिटांच्या ठिणग्यांचे. पाऊण तासाच्या तयारीवर मात्र घासाघीस करतो. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी कोणी "लाइव्ह सर्व्हरवरच छोटासा बदल कर ना" म्हटलं की मी केवढा चिडतो! रस्त्यावर मीही तेच केलं.

असो. काकांनी सांगितले तेवढे पैसे दिले. पहिल्यांदाच, घासाघीस न करता.