बीडचा कौल आणि जिल्हा परिषदेची सत्ता

निवडणुकीत सर्वांत अधिक जागा कोणाला मिळाल्या, या प्रश्नाचे उत्तर मतमोजणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिळते. सत्ता कोणाच्या हाती जाणार, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच दिवशी मिळेल अशी खात्री नसते. बीड जिल्ह्याच्या मतदारांना २०१७ साली हा अनुभव आला. त्या वर्षी १६ फेब्रुवारीस जिल्हा परिषदेसाठी मतदान झाले आणि २३ फेब्रुवारीस निकाल लागले. साठ सदस्यांच्या सभागृहात २५ जागा मिळवून राष्ट्रवादी काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. भारतीय जनता पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि उरलेल्या जागा शिवसेना, शिवसंग्राम, काँग्रेस, स्थानिक आघाडी व अपक्ष यांच्यात विभागल्या गेल्या. निकालाचा हा तक्ता पाहून जिल्ह्याने सत्तापालटाचा कौल दिला, असेच कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात मार्च महिन्यात अध्यक्षपदी निवडून आल्या त्या भाजपच्या सविता गोल्हार.

हे कसे घडले, हे जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. राष्ट्रवादीतील माजी राज्यमंत्री सुरेश धस यांच्या गटाने पक्षाची साथ सोडली आणि भाजपच्या पारड्यात आपले वजन टाकले. लहान पक्षांनीही तोच मार्ग धरला. पुढे धस भाजपमध्ये गेले आणि २०१८ साली बीड, लातूर व उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडूनही आले. या घटनाक्रमाची चर्चा त्यावेळी विश्वासघात आणि डावपेच याच शब्दांत झाली. परंतु व्यक्तींच्या निष्ठेचा हिशेब मांडून हा प्रश्न संपत नाही. साठ गटांतील मतदारांनी दिलेल्या मताची किंमत चार आठवड्यांत का बदलते, याचा विचार व्यक्तींच्या पलीकडे जाऊनच करावा लागतो.

बहुमत कोणाचेच नसते तेव्हा

कोणत्याही एका पक्षाला बहुमत न मिळणे ही काही अनैसर्गिक गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील जिल्हा कौन्सिलांच्या निवडणुकांत हे वारंवार घडते. मे २०२३ मधील निवडणुकांनंतर तेथील कित्येक कौन्सिलांत एकाही पक्षाकडे निम्म्याहून अधिक जागा नव्हत्या. अशा वेळी पक्ष एकमेकांशी बोलणी करतात आणि संयुक्त कारभार किंवा अल्पमतातील कारभार सुरू होतो. तेथे पक्षांतराने सदस्यत्व जात नाही. ज्याला पक्ष सोडावयाचा असेल तो सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत मतदारांपुढे उभा राहतो.

महाराष्ट्राने यासाठी वेगळा मार्ग पत्करला. स्थानिक संस्थांतील पक्षांतराला पायबंद घालण्यासाठी राज्याने १९८६ साली स्वतंत्र कायदा केला. पक्षादेश झुगारून मतदान करणारा जिल्हा परिषद सदस्य या कायद्याने अपात्र ठरू शकतो. बीडमध्ये या कायद्याचा आधार घेण्यात आला, जिल्हाधिकाऱ्यांनी धस गटाच्या सदस्यांना अपात्रही ठरविले. त्यानंतर मात्र अपील, स्थगिती आणि न्यायालयीन याचिका यांचा जो प्रवास सुरू झाला, तो अध्यक्षपदाची पहिली मुदत संपत आली तरी पुरा झाला नाही. जिल्हा परिषदांवर देखरेख करणारे ग्रामविकास खाते त्या काळी पंकजा मुंडे यांच्याकडे होते, आणि त्याच जिल्ह्याच्या पालकमंत्रीही होत्या. येथे कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. राजकीय वादातील एक पक्ष आणि त्या वादावर देखरेख करणारे खाते यांत पुरेसे अंतर राहत नाही, हा दोष कायद्याच्या रचनेतला आहे. सत्तारूढ पक्ष बदलला तरी तो दोष तसाच राहतो.

मुंबईचा वारा

त्याच सभागृहाने दुसरा फेरा पाहिला तो जानेवारी २०२० मध्ये. विधानसभा निवडणुकीमुळे लांबलेली अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि राष्ट्रवादीच्या शिवकन्या सिरसाट अध्यक्ष झाल्या. सदस्य तेच होते, त्यांना निवडून देणारे मतदारही तेच होते. मध्यंतरी फरक पडला होता तो मुंबईत. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात महाविकास आघाडीचे सरकार आले होते. २०१७ मध्ये मुंबईत भाजपचे सरकार असताना जिल्हा परिषद भाजपकडे गेली, आणि २०२० मध्ये मुंबईतील सरकार बदलताच जिल्हा परिषदही बदलली. दोन्ही वेळी वारा एकाच दिशेने, मुंबईहून बीडकडे वाहत होता.

याचे मूळ पैशाच्या वाटांत आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा जिल्ह्याच्या विकासाचे केंद्र जिल्ह्यातच असावे, ही त्यामागील दृष्टी होती. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, पशुवैद्यकीय दवाखाने, ग्रामीण रस्ते, लघुपाटबंधारे आणि पाणीपुरवठा ही कामे त्या संस्थेकडे आली. परंतु स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे आणि अनुदान राज्याचे, ही स्थिती बदलली नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ज्या नियोजन समितीतून येतो तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० या वर्षांत, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींना गेला आणि जिल्हा परिषदेच्या हाती त्यातले काही राहिले नाही. पंधराव्या आयोगाने जिल्हा परिषद व पंचायत समिती यांना प्रत्येकी दहा टक्के वाटा पुन्हा दिला, हे खरे. तथापि आपल्या गटातील रस्ता मंजूर व्हावा, शाळेला खोल्या मिळाव्यात, अशी धडपड करणाऱ्या सदस्याला मंत्रालयाकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मतदाराला दिलेला शब्द पाळण्यासाठीच आपण सत्तेच्या बाजूला गेलो, असे तो सांगतो तेव्हा त्यात निव्वळ ढोंग नसते, आणि म्हणूनच ही व्याधी केवळ नीतीच्या उपदेशाने बरी होणारी नाही.

घराणी आणि सभागृह

बीडच्या निकालांना घराण्यांच्या स्पर्धेची किनार नेहमीच राहिली आहे. केशरबाई क्षीरसागर तीन वेळा लोकसभेवर गेल्या. २०१६ च्या नगर परिषद निवडणुकीत मात्र त्याच घरातील दोन बंधू, भारतभूषण आणि रवींद्र क्षीरसागर, बीडच्या नगराध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे ठाकले. २०१९ मध्ये पुतणे संदीप यांनी काका जयदत्त यांचा विधानसभेत पराभव केला, आणि परळीत धनंजय व पंकजा मुंडे या चुलत भावंडांत लढत झाली. घराणे फुटले म्हणून राजकारण घराण्याबाहेर गेले, असे झाले नाही. विरोधी पक्षाची जागाही घराण्यातच भरली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही जिल्हा परिषद ही नवे नेतृत्व घडविणारी शाळा आहे, याला याच जिल्ह्यात दाखले आहेत. गोपीनाथ मुंडे १९७८ साली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९८० साली विधानसभेत पोहोचले. २०१७ च्या सभागृहात बसलेले बजरंग सोनवणे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ६,५५३ मतांनी विजयी झाले. अडीच अडीच वर्षांच्या दोन्ही मुदतींत अध्यक्षपदी स्त्रिया होत्या, हेही नोंदवावे लागेल. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र त्यांच्यापेक्षा त्यांना निवडून आणणाऱ्या नेत्यांचीच नावे अधिक गाजली. राखीव जागेने खुर्ची मिळते. त्या खुर्चीतून निर्णय घेण्याचे बळ राजकीय पक्षांनी द्यावयाचे असते, आणि ते काम अजून अपुरे आहे.

फडावरचा मतदार

या सर्व गणितात जो मतदार सर्वांत दूर राहतो, तो निवडणुकीच्या दिवशी अंतरानेही दूरच असतो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. हे मजूर परततात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. जिल्हा परिषदेचे मतदान २०१२ मध्येही फेब्रुवारीत झाले आणि २०१७ मध्येही फेब्रुवारीतच. गाळप हंगामाच्या ऐन मध्यावर ज्या गावांची निम्मी दारे कुलूपबंद असतात, त्या गावांचा कौल घेण्याचा हा मुहूर्त होय. उमेदवार गाड्या पाठवून मजुरांना मतदानासाठी आणतात, ही प्रथा सर्वांना ठाऊक आहे. ज्याची गाडी त्याचे मत, असे प्रत्येक वेळी घडत नसेलही. परंतु बुडालेली मजुरी आणि फुकटचा प्रवास यांमध्ये अडकलेल्या माणसाचे मत पूर्णपणे स्वतंत्र राहते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आणि जिल्हा परिषदेची गरज सर्वाधिक कोणाला आहे, तर याच माणसाला. आईबाप फडावर गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. ती वेळेवर सुरू झाली तर मूल शाळेत टिकते. दिवाळीनंतर एक महिना उशीर झाला तर ते मूल बैलगाडीत बसून फडावर जाते आणि त्याचे वर्ष वाया जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रांचेही तसेच आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे तेव्हा समोर आले. गावातील सरकारी दवाखाना विश्वासाचा असता, तर यांतील कितीतरी स्त्रिया खासगी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्या नसत्या. अध्यक्ष कोण झाले यापेक्षा हे प्रश्न किती मोठे आहेत, हे सांगावयास नको.

सभागृह रिकामे राहिले तेव्हा

२०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता आणि गटांच्या रचनेवरून वाद होते. ही कारणे खोटी नव्हती. परंतु मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. निवडणुका घ्याव्यात असा आदेश अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच द्यावा लागला. इंग्लंडमध्ये २०२५ साली नऊ कौन्सिलांच्या निवडणुका फेररचनेसाठी एका वर्षाने पुढे ढकलण्यात आल्या, तेव्हा मंत्र्यांना पार्लमेंटमध्ये त्याचे समर्थन करावे लागले आणि त्यावरून टीकाही झाली. येथे वर्षामागून वर्षे गेली, आणि सत्तारूढ व विरोधी पक्षांपैकी कोणालाही त्याची फारशी बोच लागली नाही.

या रिकाम्या वर्षांची किंमत जिल्ह्याने मोजली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीड व माजलगाव येथे जाळपोळ झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जातीजातींतील तेढ गावाच्या पारापर्यंत पोहोचली. अशा काळात अकरा तालुक्यांतील सर्व समाजांचे प्रतिनिधी महिन्या-दोन महिन्यांनी एका छताखाली बसून पाण्याच्या टाकीवर, शिक्षकांच्या बदल्यांवर, रस्त्याच्या कामावर भांडले असते, तर तेढ मिटली असती असे नव्हे. परंतु भांडणाला एक सनदशीर जागा मिळाली असती. ज्याच्याशी काल जातीवरून वाद झाला, त्याच्याशीच आज आरोग्य केंद्रासाठी हातमिळवणी करावी लागते, हा संस्कार सभागृहातच होतो. प्रशासकाच्या दालनात तो होत नाही.

म्हणून २०१७ च्या निकालाचा धडा केवळ पक्षांतराचा नाही. अपात्रतेच्या तक्रारींवर राज्य शासनाऐवजी स्वतंत्र यंत्रणेने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा, जिल्हा परिषदेला स्वतःच्या हक्काचा निधी मिळावा, आणि ज्या जिल्ह्यातून लाखो लोक हंगामी स्थलांतर करतात तेथील मतदानाची तारीख गाळप हंगाम पाहून ठरविली जावी, या तीन गोष्टी कोणत्याही पक्षाच्या हिताविरुद्ध नाहीत. त्या आजवर झाल्या नाहीत, कारण त्यांची मागणी करणारा मतदार निवडणुकीच्या दिवसांत फडावर असतो आणि एरवी मुकादमाच्या हिशेबात अडकलेला असतो. त्याची बाजू मांडण्याचे काम गावात राहणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला आणि कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्याच मुलाला करावे लागेल. पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल, तेव्हा तो कोणत्या नेत्याचा माणूस आहे हे विचारण्याआधी, हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार, एवढे तरी त्याला अवश्य विचारले जावे.