ओटीपी नवऱ्याच्या फोनवर



मागच्या महिन्यात सांगलीतली एक अंगणवाडी मदतनीस बी.ए.चा ऑनलाइन अर्ज भरायला माझ्याकडे आली. परित्यक्ता आहे, लग्नाआधी बारावी झालेली. मुक्त वा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर २०२४ पासून ‘डेब आयडी’ सक्तीचा आहे. तो काढायला क्रेडिट बँकेचा क्रमांक लागतो, त्याला आधार, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तिच्या आधारला मोबाइल होता नवऱ्याचा! तो साताऱ्यात दुसरं बिऱ्हाड करून राहतो.

नंबर बदलायला नवऱ्याची गरज नाही. आधार केंद्रावर स्वतःचा अंगठा दिला की काम होतं. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिची दोन वर्षं गेली. खरी अडचण नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरचं. जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी दाखला. लग्न मांडवात लागलं, नोंदवलं कुणी?

१९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं ते शिक्षण सुटलेल्यांसाठी. बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट ठेवली होती. दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीसारखीच धरावी, हेही आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मग बाई दोन नावांत का अडावी? अशा वेळी प्रतिज्ञापत्र पुरेसं मानावं, अशी आमची मागणी आहे.

परीक्षेच्या रजेचा प्रश्न वेगळाच. साताऱ्यातल्या एका घरकामगार मैत्रिणीचा एकच पेपर राहिलाय. सुट्टी मागितली की घर सुटतं.

तुमच्या गटात असं कुणाचं अडलं असेल तर पुढच्या अंकाआधी कळवा. निवेदनाला जोडायचं आहे.