१० रुपयांची क्वेरी

आमचा नंदुरबार जिल्हा आणि मी जवळपास एकाच वयाचे. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. बातम्यांत त्याचं नाव यायचं ते कुपोषण, स्थलांतर किंवा सरदार सरोवराच्या बुडिताबद्दल. एकदाच जरा वेगळ्या कारणासाठी आलं. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथे वाटले गेले. मी शाळेत होतो. हेलिकॉप्टर येणार याचंच आम्हाला जास्त अप्रूप.

त्या दिवसापासून सरकारकडे आपला डेटा साठत गेला. बोटांचे ठसे, बुबुळं, बँक खातं, रेशन, शिष्यवृत्ती, सगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर सरकारला आपल्यावर रीड अॅक्सेस मिळाला. गंमत म्हणजे उलट्या दिशेचा रीड अॅक्सेस आपल्याला त्याच्या पाच वर्षं आधीच मिळालेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी राज्याचा स्वतःचा कायदा होता, अण्णा हजारेंनी त्यासाठी उपोषणं केली होती. फी १० रुपये. माझ्या टीममध्ये अकरा जण आहेत, सगळे ग्रॅज्युएट, सगळे सिस्टिमला शिव्या घालण्यात पटाईत. एकानेही आजवर एकसुद्धा अर्ज केलेला नाही. "कोण त्या भानगडीत पडणार यार" हे उत्तर.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. या भानगडीत पडायला आपल्याइतकी सोयीची माणसं दुसरी नाहीत.

का ते सांगतो. गावात राहणाऱ्या माणसाला ग्रामपंचायतीकडून रहिवासी दाखला हवा असतो, घरकुलाच्या यादीत नाव हवं असतं, नळाचं कनेक्शन हवं असतं. तो ज्या माणसाकडे माहिती मागणार, त्याच माणसाकडे त्याची चार कामं अडकलेली असतात. ठेकेदार त्याच गावचा किंवा शेजारच्या. तालुक्याला बाजाराच्या दिवशी एकाच जीपमध्ये बसून जायचं. आणि ही भीती नुसती मनाची नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांची माहिती मागायचे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तेही पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर, तर सातपुड्यातल्या पाड्यावर एकट्या माणसाने काय करावं?

आता आपण. पगार कंपनी देते. पुण्यात भाड्याने राहतो. सरपंचाची सही वर्षानुवर्षं लागत नाही. आणि कायद्याला तुम्ही कुठे राहता याच्याशी काही देणंघेणं नाही, भारताचा नागरिक असलात की झालं. माहिती कशाला हवी हे विचारायचा त्यांना अधिकारच नाही (कलम ६(२), पाठ करून ठेवा). हिंजवडीत बसून अक्कलकुव्याच्या एखाद्या ग्रामपंचायतीचं कॅशबुक मागता येतं.

पण मागायचं कसं, इथे बहुतेक जण गाडी घालवतात. पहिला अर्ज लिहितो तो माणूस चिडलेला असतो. "आमच्या गावचा रस्ता सहा महिन्यांत का उखडला? याला जबाबदार कोण? त्यांच्यावर काय कारवाई करणार?" असा अर्ज गेला की माहिती अधिकारी खूश होतो, कारण त्याला एका ओळीत उत्तर देता येतं की ही 'माहिती' नाही. आणि तो बरोबर असतो. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितलं, की 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कार्यालयाकडे जे कागद आहेत तेवढे ते देणार. नवीन तयार करून देणार नाहीत, स्पष्टीकरणही देणार नाहीत.

म्हणजे काय? डेटाबेसला तुम्ही "सेल्स का पडले" असं विचारत नाही ना. टेबलचं नाव माहीत हवं, कॉलम माहीत हवा, तारखेची रेंज हवी. इथेही तसंच. प्रत्येक सरकारी कामामागे कागदांची एक ठरलेली साखळी असते: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (सगळे तिला एमबी म्हणतात), देयक, पूर्णत्वाचा दाखला. सगळं मागायची गरज नसते. माझ्या मते एमबी आणि देयक ही दोन मिळाली तर बाकीची फाइल आपोआप बोलायला लागते. एमबीत कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि पैसे त्यावरच निघतात. सिव्हिलवाला एखादा मित्र असेल तर त्याला चहा पाजा, अर्ध्या तासात वाचायला शिकवेल.

२०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांचा हवा अशी अट आहे. त्यावर बऱ्याच कार्यकर्त्यांनी टीका केली, आणि अशिक्षित माणसाच्या बाबतीत ती योग्यच आहे. पण स्वतःपुरतं सांगायचं तर मला ही अट आवडते. १५० शब्दांत बसत नसेल तर आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच कळलेलं नसतं :)

बाकी प्रक्रिया सोपी आहे. 'नमुना अ' भरायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, 'जन माहिती अधिकारी' म्हणून त्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती जपून ठेवायची. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ही फीदेखील नाही. ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. रस्ता ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा हे कळत नसेल तर फार डोकं खाजवू नका. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम आहे, कलम ६(३). उत्तर ३० दिवसांत. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. शुल्काचं पत्र आल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मात्र या तीसमध्ये धरत नाहीत, तेव्हा पत्र आलं की लगेच भरा. आणि मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलं तर ते लिहून घ्यायला मदत करणं हेही अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हे कलम मी अजून एकाही कार्यालयाच्या भिंतीवर लावलेलं पाहिलेलं नाही.

असो. आता माझा अनुभव.

आई धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिकडच्या एका गावाशी घरच्यासारखं येणं-जाणं आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. हा सगळा अनुसूचित क्षेत्राचा भाग, म्हणजे पेसा कायदा लागू. महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो. कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं. कागदावर ही मला देशातली एक अतिशय सुंदर योजना वाटते. पाड्यावरची माणसं बसून ठरवणार की आपल्याला रस्ता हवा की विहीर. प्रत्यक्षात किती पैसे आले आणि कशावर गेले हे मी गावातल्या दहा जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "साहेबांना माहीत."

मी दोन आर्थिक वर्षांचं ५ टक्के निधीचं कॅशबुक, ग्रामसभेचे ठराव आणि एका काँक्रीट रस्त्याची एमबी मागितली. ३४ व्या दिवशी पत्र आलं: माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही. आता कायद्यात 'विस्तृत' असं कारण नाहीच. नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिलेली आहेत, त्यातलं एक तरी सांगावं लागतं. मी २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला गेलो, एक दिवस रजा टाकून. तिथल्या एका बाबूने आपुलकीने विचारलं, "भाऊ, तुम्ही पुण्यात चांगले सेटल आहात, कशाला हे?" अपिलीय अधिकाऱ्यांनी मात्र दहा मिनिटांत आदेश दिला. ४१ पानं मिळाली, मुदत उलटलेली म्हणून विनाशुल्क.

एमबीत रस्त्याची लांबी २१० मीटर. मी फोनवर चालत मोजली, मग खात्रीसाठी टेप आणून गावातल्या मित्राबरोबर परत मोजली. १३० च्या आसपास. मी कुणाला चोर म्हणत नाहीये. दोन आकडे जुळत नाहीत, एवढंच म्हणतोय. इंजिनिअर माणूस मिसमॅच दिसला की आधी लॉग बघतो, आरोप नंतर.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे ४१ कागद घेऊन मी फेसबुकवर फोटो टाकू शकलो असतो. शे-दोनशे लाइक, दोन दिवस चर्चा, आणि गावात त्या मित्राच्या डोक्याला ताप. 'आरटीआयवाला' हा शब्द तालुक्याच्या ठिकाणी शिवीसारखा वापरला जातो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. माहिती काढायची आणि ती दाखवून ठेकेदाराकडून पाकीट घ्यायचं, असा धंदा करणारे आहेतच. त्यामुळे माहिती शहरातल्या माणसाने मागावी, पण ती मालकीची ग्रामसभेची आहे हे माझं ठाम मत. आम्ही कागदांच्या पाच प्रती काढल्या आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी गावात वाटल्या. मी त्या सभेला गेलो नाही, जायचंही नव्हतं. मित्राने आकडे पावरीत वाचून दाखवले. मराठीत छापलेलं कॅशबुक जेव्हा माणसाच्या बोलीत वाचलं जातं तेव्हा काय होतं हे त्याने मला फोनवर सांगितलं: बायका पुढे येऊन बसल्या.

सगळं इतकं गुळगुळीत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या अपिलात काम झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आमच्यासाठी नाशिक खंडपीठ. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण महाराष्ट्राच्या आयोगात २०२४ साली प्रलंबित प्रकरणांचा आकडा लाखाच्या वर होता. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असाच अर्ज लिहावा, अर्जात दंडाची धमकी तर अजिबात घालू नये. शिवाय प्रती न मागता आधी जाऊन फाइल बघणं कधीकधी जास्त सोयीचं पडतं. राज्य सरकारच्या २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. निर्णयाची प्रिंट बरोबर न्या. काही ठिकाणी तुम्हीच त्यांना तो पहिल्यांदा दाखवणार आहात.

आणि एक नवी अडचण. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) ची भाषाच बदलली. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंधित असेल तर मिळायची आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नाही, असं वाक्य होतं. ते गेलं. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना प्रायव्हसी हा शब्द फार आवडतो, मलाही. पण मजुरांच्या हजेरीपटावर मेलेल्या माणसाचं नाव आहे का, घरकुलाच्या यादीत ज्याचं दुमजली घर आहे तो आहे का, हे नावाशिवाय कसं कळणार? व्यापक जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे. इथून पुढे अर्जात नसलं तरी अपिलात त्याचा उल्लेख करायची सवय लावून घ्यावी लागेल.

२१० आणि १३० चं पुढे काय झालं? ग्रामसभेत उत्तर मिळालं की उरलेले ८० मीटर दुसऱ्या पाड्यावर केले आहेत. असू शकतं. दुसऱ्या पाड्यावर एक काँक्रीटचा तुकडा आहे खरा. पण तो वेगळ्या योजनेतला आहे असं तिथले लोक म्हणतात. त्या तुकड्याची एमबी आणि देयक मागणारा अर्ज गेल्या महिन्यात टाकलाय, या वेळी मित्राने स्वतःच्या नावाने. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "दादा, आता गावाला माहीत आहे ना, मग काय होतंय." तीस दिवस येत्या गुरुवारी भरतात.